सुकरीचा दगड

११ डिसेंबर

इरुकटोल्यात पोचले. मुलचेऱ्याच्या पुढं रस्ता असा की जीपच्या छताला डोकं आपटत आलो. हे काम मला देणाऱ्या बोरकुटे सरांनी सामान उतरवलं, गावच्या भूमियाला, म्हणजे गावप्रमुखाला, माझी ओळख करून दिली आणि अंधार व्हायच्या आत परत गेले.

काम सोपं आहे, फक्त मोठं आहे. गावाच्या पूर्वेला सागाच्या रानात कोरीव दगड उभे आहेत. सरांच्या मते सातआठशे वर्षांचे. प्रत्येकाचं माप, फोटो, कागदावर हातानं काढलेलं चित्र, आणि शेवटी पुरातत्त्व विभागाला द्यायचा अहवाल. एवढं काम एकटीच्या भरवशावर पहिल्यांदाच मिळालं.

अजयला मी येऊ नये असं वाटत होतं. "आत्ताच तर..." म्हणाला आणि थांबला. दर वेळी तिथंच थांबतो. मी ठणठणीत आहे. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय.

राहायची सोय नीलाबाईंच्या घरी. पन्नाशीच्या असतील, अंगणवाडीत स्वयंपाक करतात. नवरा चैतूभाऊ, फार बोलत नाहीत. जेवायला वाढताना नीलाबाईंनी विचारलं, "मॅडम, लेकरं?"

"नाहीत."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि न विचारता आणखी भात वाढला.

१३ डिसेंबर

आज दगड पाहिले. फोटोत पाहिले होते, पण फोटो म्हणजे काहीच नव्हे.

काही छातीएवढे, काही गुडघ्याएवढे. एकाला वारुळानं गळ्यापर्यंत गिळलंय, फक्त डोकं आणि त्यावरचे सूर्य-चंद्र बाहेर. घोडेस्वार खूप. एकाच्या घोड्याचे पाय चुकीच्या बाजूला वाकलेत. कोरणाऱ्यानं बहुधा घोडा कधी जवळून पाहिलाच नसावा. एका दगडावर नुसता बाईचा हात, कोपरापर्यंत बांगड्या. त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी बुटके, बिनकोरीव दगडही उभे आहेत.

चैतूभाऊ वाट दाखवायला आले होते. बिनकोरीव दगडाकडं बोट करून मी विचारलं, "हे कोणाचे?"

"आमचे."

"आणि हे घोड्यावाले? राजांचे?"

"राजाचे नाई. ते बी आमचेच."

कागदावर लिहिलं : स्थानिक समजूत.

१९ डिसेंबर

रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते. अजयचा रोज फोन. "जेवली?" "हो." "थंडी असन तिकडे." "आहे." मग तो म्हणतो, "ठेवतो मग." हजेरी लावल्यासारखं.

दवाखान्यातही तसाच. सह्या केल्या, औषधं आणली, जे न्यायचं होतं ते घेऊन गेला आणि केस ओले असतानाच परत आला. सासूबाई हंबरडा फोडून रडल्या. तो रडला नाही. मला म्हणाला, "चहा घेशील?"

त्या चहाचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. मी त्याला तेव्हाच सांगितलं, हा विषय पुन्हा काढायचा नाही. त्यानं काढला नाही. त्याला तर ते सोपंच गेलं असणार.

२४ डिसेंबर

माझ्या खोलीत भिंतीला टेकवून एक सायकल आहे, जुन्या लुगड्यानं झाकलेली. ड्रॉइंग बोर्ड मांडायला जागा हवी म्हणून ती बाहेर काढत होते, तर नीलाबाई दारातून म्हणाल्या, "ते राहू दे."

मग स्वतःच उंबऱ्यावर बसल्या.

सायकल सुकरीची. त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेतून मिळालेली सायकल. या गावात मुलींमध्ये पहिली सायकल तिनं चालवली. मुलचेऱ्याला वसतिगृहात राहून बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागणार होता. मागच्या पावसाळ्यात सुट्टीत घरी आली आणि तापानं फणफणली. नाल्याला पूर. खाटेवर टाकून काठापर्यंत नेली, पाणी उतरायची वाट पाहत बसले. पाणी उतरलं तेव्हा नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

म्हटलं, "फार वाईट झालं."

"या उन्हाळ्यात तिचा दगड उभा करतो," नीलाबाई म्हणाल्या. "आज्यायच्या बाजूले. तोवर ती घरातच राहते. मंग तिले तिची जागा भेटते." मग सायकलीवरचं लुगडं नीट करत म्हणाल्या, "मॅडम, तू घोडे काढून राह्यली ना कागदावर? सायकल येते का तुले काढता?"

म्हटलं, येते.

२ जानेवारी

सर आले. येताच मी त्यांना खड्डा दाखवला. दोन घोडेस्वारांचा जो सर्वात सुंदर दगड त्यांनी स्वतः चार वर्षांपूर्वी पाहिला होता, तो गेलाय. कोणीतरी उपटून नेला. कुठल्या तरी फार्महाऊसच्या बागेत उभा असेल. सर खड्ड्याच्या कडेला बराच वेळ उकिडवे बसून राहिले. एवढा मोठा माणूस, पण खांदे लहान मुलासारखे पडले होते. म्हणाले, "उर्वशी, कुंपण झालं नाही ना, तर दहा वर्षांत इथं नुसते खड्डे राहतील." ते खोटं नाही.

संध्याकाळी अंगणात शेकोटीपाशी त्यांनी मोबाईलवर मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचे दगड दाखवले. घनदाट जंगलात उभे, माणसाच्या दुप्पट उंच, अंगभर कोरलेले राजे आणि बाजूनं अक्षरं. शेकडो वर्षं ती अक्षरं कोणालाच वाचता येत नव्हती, आता येतात. राजाचं नाव, जन्म, गादी, मरण. सर अगदी रंगून सांगत होते.

नीलाबाई मागून वाकून पाहत होत्या. "अन् त्यायची मानसं? मरून गेले का सारे?"

"नाही नाही," सर म्हणाले. "लाखो आहेत. त्याच भागात राहतात, त्यांच्या भाषा बोलतात."

"मंग त्यायले जाऊ देतात का तिथी? दगडापाशी?"

सर हसले. "तिकीट काढून सगळेच जातात, बाई."

नीलाबाई हसल्या नाहीत.

९ जानेवारी

चैतूभाऊंनी नदीतून दगड आणलाय, बैलगाडीनं. काळसर, एका बाजूनं सपाट. अंगणात आडवा ठेवलाय. कोरणारा जंगू नावाचा माणूस पलीकडच्या गावातून एप्रिलमध्ये येईल. हल्ली कोणी कोरून घेत नाही, साधाच दगड लावतात. पण नीलाबाईंना कोरलेलाच हवा.

आज त्यावर मी खडूनं सायकल काढली. त्या शेजारी बसून सांगत होत्या. "घंटी दाखव. घंटी तिनं सोता बसवली, बाजारातून आनून." घंटी काढली. "वेणी मांगं उडून राह्यली असं काढ. बहुत जोरानं चालवे." वेणी उडवली. विचारलं, वर सूर्य-चंद्र हवेत का? "ते तर पायजेच ना. आज्यायले हायेत, तिले काऊन नाई?"

झाल्यावर त्यांनी खडूच्या रेषेवरून, ती पुसणार नाही असा, हवेतच हात फिरवला. चुलीच्या धुरानं माझे डोळे झोंबत होते. आत जाऊन झोपले. इथल्या धुराची सवय नाही मला.

२१ जानेवारी, गोंडपिपरी

घरी आहे. अहवाल पूर्ण केला. सरांनी वाचून फोन केला, फार चांगला झालाय म्हणाले. फक्त एक परिच्छेद काढ म्हणाले. गावातले लोक आजही तिथं आपल्या मेलेल्यांचे दगड उभे करतात, हा.

"का सर?"

"अगं, ते लिहिलं की फाइल अडकली. हक्क कोणाचा, मग सुनावण्या, मग चारपाच वर्षं. तोवर चोर थांबणार आहेत का? आधी संरक्षण येऊ दे. लोकांचं नंतर बघता येईल. एखादा दगड लावायचा तर कोण नाही म्हणतंय?"

मला पटलं. काढला. त्या जागी एक ओळ घातली, की ठिकाण सध्या वापरात नाही. शेवटचा कोरीव दगड लावूनही बरीच वर्षं झालीत, म्हणजे तसं ते खोटंही नाही.

अजय जेवताना म्हणाला, "अन् त्या बाईच्या पोरीचा दगड?"

"नंतर होईल ना. सर आहेत."

तो ताटाकडं पाहत राहिला. त्याला माझ्या कामातलं काय कळतं? सासूबाईंनी शिवलेली झबली अजून कपाटात आहेत, मी त्याला डिसेंबरातच सांगितलं होतं, कोणाला तरी देऊन टाक. "देतो," म्हणाला होता. दिली नाहीत. कपाट उघडलं की दिसतात. मुद्दाम करतो की काय कोण जाणे.

२७ मार्च

विभाग दगडांवर काढतोय त्या पुस्तिकेसाठी राहिलेली चित्रं काढायला पुन्हा इरुकटोल्यात. मोह फुललाय. पहाटेपासून सगळं गाव झाडाखाली वाकून फुलं वेचतं, हवेला गोड आंबूस वास.

कुंपण झालं! सरकारी काम इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. लोखंडी खांब, काटेरी तार, फाटक, निळा फलक. फलकावर आत खोदकाम, बांधकाम, बदल करण्यास मनाई. चौकीदार म्हणून चैतूभाऊंच्या धाकट्या भावाला, वारलूला घेतलंय. खाकी शर्ट, गळ्यात शिटी. मला पाहून त्यानं सलाम ठोकला. "मॅडम, तुमच्यामुळं नोकरी भेटली."

मला खरंच आनंद झाला. कितीतरी दिवसांनी.

नीलाबाई मोहाची टोपली घेऊन कुंपणाच्या कडेकडेनं फिरत होत्या. मला म्हणाल्या, "फाटक मोठं बनवाले पायजे होतं. बैलगाडी कशी जाईल?"

म्हटलं, विचारते सरांना. रेंज नव्हती. मग राहून गेलं.

१८ एप्रिल

लिहवत नाही, पण लिहिते.

जंगूनं दगड कोरला. माझ्या रेषेपेक्षा चांगला. सायकलची चाकं त्यानं सूर्य-चंद्रांएवढीच मोठी केली, आणि मुलगी पुढं वाकलेली, जणू चढ चढतेय. आज उभा करायचा दिवस. आजूबाजूच्या गावांतून नातेवाईक आले, ढोल आले. दगड बैलगाडीत, हळद लावलेला. नीलाबाई गाडीमागून चालत होत्या, डोक्यावर तांदळाची टोपली. मी फोटो काढत होते.

फाटकाला कुलूप. आत वारलू.

"वहिनी, नाई जमत," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "हापिसातल्या साहेबाले फोन केला मी काल. नवीन दगड नाई लावता येत म्हणे. नोकरीच नाई, जेलात टाकीन म्हणे."

"तुई पुतनी होय ते," कोणीतरी म्हाताऱ्यानं म्हटलं.

"मले मालूम नाई का!" वारलू ओरडला आणि रडायला लागला, शिटी गळ्यात तशीच.

मी म्हटलं थांबा, पाळीवर पळत गेले, सरांना फोन लावला. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "उर्वशी, आता ते माझ्या हातात नाही. आणि तूच विचार कर, सातशे वर्षांच्या समूहात सायकलचा दगड? सगळा संदर्भ बिघडेल. बाहेर कुठं लावायचा तर लावू देत की."

"सर, तुम्ही म्हणाला होता नंतर बघू."

"ठिकाण वापरात नाही असं आपणच लिहून दिलंय ना?"

आपणच.

परत आले तेव्हा ढोल थांबले होते. माझ्या तोंडाकडं पाहूनच सगळ्यांना कळलं. तरी वारलू म्हणाला, वाईट हेतूनं नव्हे, स्वतःला सोडवायला, "साहेब म्हणत होते, इथी कोनी दगड लावत नाई असं मॅडमनंच लिहून देल्लं."

नीलाबाई टोपली डोक्यावर धरूनच वळल्या. "तू लिवलं?"

"हो."

"तूच सायकल काढली ना?"

मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

१९ एप्रिल

दगड रात्रभर गाडीतच राहिला. मी शाळेच्या ओसरीवर झोपायला गेले. कोणी जा म्हटलं नाही, पण राहा असंही म्हटलं नाही.

सकाळी झाडाखाली बैठक. तरण्या पोरांनी पक्कड आणली होती, तार कापतो म्हणाले. सगळ्यांच्या मनात तेच होतं. चैतूभाऊ तेवढे नको म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचं एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. "तार कापली तं वारलूले उचलून नेतीन. भावाले जेलात टाकून पोरीले कुठी बसवू मी? ते बसन का तिथी?"

पक्कड जमिनीवर पडून राहिली. भूमिया म्हणाले, ग्रामसभेत ठराव घेऊ, वर पाठवू. तोवर बाहेर.

२० एप्रिल

सुकरीचा दगड कुंपणाबाहेर उभा केला. रस्त्याच्या कडेला, तारेपासून हातभर अंतरावर. सगळे आजे आत, ती बाहेर. ढोल वाजले, पण बेतानं. तांदूळ टाकले. वारलू आतून तारेला धरून उभा होता. त्यानं खिशातून मूठभर तांदूळ काढून तारेतून बाहेर टाकले.

सगळे गेल्यावर नीलाबाई एकट्याच दगडापाशी बसल्या होत्या. मी जवळ गेले. माफी मागायला शब्द जुळवत होते. त्या आधी बोलल्या.

"तुयं कोनतं गेलं?"

मला कळलं नाही असं दाखवता आलं असतं. पण मी धुळीतच बसले. सांगितलं. सातव्या महिन्यात. सप्टेंबरात. मुलगी होती. मी पाहिली नाही, मला दाखवू नका म्हटलं. कुठं पुरली ते माहीत नाही. विचारलं नाही. नाव ठेवलं नव्हतं. हे सगळं मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही असं एकामागून एक सांगितलं नव्हतं.

नीलाबाईंनी सगळं ऐकलं. पाठीवर हात ठेवतील असं वाटलं. मला तो हात हवा होता.

त्या म्हणाल्या, "मालूम होतं तुले कसं वाटते ते. तरी बी तू लिवलं."

आणि उठून गेल्या.

२६ एप्रिल

विभागाला सगळं खरं लिहून पाठवलं. ठिकाण वापरात आहे, होतं, मला माहीत होतं, मी ओळ बदलली. बोरकुटे सरांना आधी सांगितलं. ते चिडले नाहीत, ते चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू दगडांचं नुकसान करते आहेस." थोड्या वेळानं म्हणाले, पुस्तिकेचं काम दुसऱ्या कोणाला देऊ. ग्रामसभेचा ठरावही गेलाय. चैतूभाऊंना विचारलं, काही होईल का? म्हणाले, "पाहू." या भागात 'पाहू' म्हणजे काय ते मला आता कळतं.

अजयला फोन करून म्हटलं, घ्यायला येतोस का? त्यानं का विचारलं नाही. "निघतो," म्हणाला.

२७ एप्रिल

अजय दुपारी आला, मोटारसायकलवर, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. मी सामान घेऊन रस्त्यावरच उभी होते. गाडी लावली आणि त्याची नजर दगडाकडं गेली.

"हीच का?"

"हो. सुकरी."

तो हेल्मेट हातात घेऊन दगडासमोर उभा राहिला. नीलाबाई तेंदूपानांचं ओझं घेऊन जंगलातून येत होत्या, अनोळखी माणूस पाहून थांबल्या. त्यानं त्यांना विचारलं, "हात लावला तं चालते का?"

त्यांनी मान हलवली.

अजयनं चाकाला हात लावला, मग मुलीच्या उडणाऱ्या वेणीला. आणि तसाच हात ठेवून तो रडायला लागला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता रडणं नव्हे ते, पोटातून, गुरासारखं. मी फक्त त्याच्या शर्टाची बाही धरली.

"मी चंचल ठेवलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"नाव. पोटात थारा नव्हता ना तिले. हात ठेवला की लाथ मारे." त्यानं नाक पुसलं. "नेताना मले वाटलं, नावाशिवाय कसं नेऊ. मी कानात सांगितलं तिच्या."

"मला काऊन नाही सांगितलं?"

"तू म्हटलं होतं, विषय काढू नको."

एवढे महिने मी ज्याला कोरडा समजत होते तो हा माणूस. त्यानं तिला पाहिलं होतं. तिच्या कानाला ओठ लावले होते. मी तिथंच, रस्त्यावर, पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. मोठ्यानं. घेता आलं.

नीलाबाईंनी ओझं खाली ठेवलं होतं. आमच्याकडं न पाहता त्या दगडाच्या बुडाशी साचलेला पाला वेचत होत्या. बराच वेळ वेचत राहिल्या, पाला संपला तरी.

आम्ही निघालो. मी म्हटलं, "नीलाबाई, येते." त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तराची अपेक्षा ठेवायचा मला हक्कही नव्हता. मी गाडीवर मागं बसले. गाडी सुरू झाली तेव्हा त्या अजयच्या बाजूनं पुढं आल्या आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

"सावकाश चालवजो, बाबू," त्या म्हणाल्या. "रस्ता खराब हाय."